गावाजवळचा मानसशास्त्रज्ञ : शोध आणि पारख

तालुक्याच्या गावी डोळ्यांचा डॉक्टर कोठे बसतो असे विचारले, तर एस. टी. स्थानकाबाहेरील रिक्षावालाही हात करून दिशा दाखवितो. दातांचा वा हाडांचा डॉक्टर शोधतानाही फारशी अडचण पडत नाही. मात्र ‘मानसशास्त्रज्ञ कोठे भेटेल?’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी नेमके उत्तर मिळत नाही. कोणी जिल्ह्याच्या ठिकाणच्या मनोविकारतज्ज्ञाचे नाव सांगतो, कोणी नव्याने पाटी लागलेल्या समुपदेशन केंद्राकडे बोट दाखवितो, तर कोणी हळूच एखाद्या देवऋषीचा पत्ता देतो. विचारणाऱ्याचा आवाजही अशा वेळी आपोआप खाली आलेला असतो.

हा प्रश्न खेड्यात सर्वप्रथम ज्यांच्या कानावर पडतो, त्या व्यक्ती डॉक्टर नसतात. वर्गशिक्षक, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती यांच्यापाशी माणसे मन मोकळे करतात. पुढे कुटुंब कोणत्या दाराशी जाईल, हे पुष्कळदा या मंडळींच्या एका वाक्यावर ठरते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. उपचारांवाचून राहणाऱ्यांत तज्ज्ञाची वाट न सापडलेले किंवा वाट चुकून भलत्याच दारी गेलेले लोक पुष्कळ असतात.

नावांचा गोंधळ

या गोंधळाचे मूळ बऱ्याच अंशी शब्दांत आहे. मनोविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि बोलीत तर या सर्वांना मिळून ‘वेड्यांचा डॉक्टर’ असे एकच नाव आहे. वस्तुतः ही वेगवेगळी कामे आहेत.

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. एम.बी.बी.एस. झाल्यानंतर त्याने मनोविकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते व वैद्यकीय परिषदेकडे त्याची नोंद असते. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा वैद्यकीय पदवीधर नसतो व तो औषधे देत नाही. मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर रुग्णालयात, अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष रुग्णांसमवेत त्याचे प्रशिक्षण झालेले असते. चाचण्यांच्या साहाय्याने बुद्धी, स्मृती, स्वभाव व वर्तन यांचे मापन करणे आणि संभाषणाच्या शास्त्रशुद्ध पद्धतींनी उपचार करणे, हे त्याचे काम होय. समुपदेशकाचे प्रशिक्षण मात्र एकसारखे नसते. काही समुपदेशकांनी दोन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम केलेला असतो, तर काहींच्या भिंतीवर दोन आठवड्यांच्या वर्गाचे चौकटबंद प्रमाणपत्र लटकत असते. परीक्षेची धास्ती, घरातील बेबनाव, व्यवसायनिवड अशा बाबतीत चांगला समुपदेशक मोलाची मदत करतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कानात आवाज येणाऱ्या तरुणाला किंवा जीव नकोसा झालेल्या स्त्रीला केवळ त्याच्या भरवशावर ठेवणे धोक्याचे आहे.

परवाना नव्हे, नोंदणी

अमेरिकेसारख्या देशात प्रत्येक राज्याचे मंडळ मानसशास्त्रज्ञाला व्यवसायाचा परवाना देते. आपल्याकडे परवान्याऐवजी नोंदणीची पद्धत आहे. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ या कायद्यान्वये चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत होते. मान्य अर्हता व नोंदणी यांवाचून असा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा या कायद्यात सांगितल्या आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्येही चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या याच परिषदेच्या मान्यतेशी जोडलेली आहे. त्यामुळे पाटीवरील पदव्यांची लांबी मोजत बसण्यापेक्षा नोंदणी क्रमांक विचारावा. खरा व्यावसायिक तो सांगताना संकोचत नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर क्रमांक पडताळता येतो, आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावर हे काम दहा मिनिटांत होण्यासारखे आहे.

येथे एक बारकावा मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. हीच परिषद विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ यांसारख्या इतर पुनर्वसन व्यावसायिकांचीही नोंदणी करते. तेव्हा ‘पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत’ एवढ्याच शब्दांवर समाधान मानू नये. नोंद कोणत्या वर्गात आहे आणि तिची मुदत संपली आहे काय, हेही पाहावे. पदव्यांच्या नावांवर तर अलीकडे विसंबता येत नाही. या क्षेत्रात दोन वर्षांची एम.फिल. ही आजवरची मुख्य पदवी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तिची जागा इतर अभ्यासक्रम घेत आहेत. उद्या पाटीवर अनोळखी आद्याक्षरे दिसली, तरी नोंदवहीची कसोटी तीच राहील. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांखेरीज अन्य मानसशास्त्रज्ञ व काही प्रकारचे समुपदेशक यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणणारा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम २०२१ मध्ये संमत झाला.

जिल्ह्यातील वाट

खाजगी दवाखाने बहुधा शहरांत एकवटलेले आहेत. खेड्यातील कुटुंबाच्या दृष्टीने सार्वजनिक व्यवस्थेतील वाट अधिक भरवशाची आणि अर्थातच स्वस्त आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सने केलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हाती घेण्यात आला. मानसिक आरोग्याची सेवा मोठ्या मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेणे हा त्यामागील विचार होता. या कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती समाजकार्यकर्ता व परिचारिका अशी पदे अभिप्रेत आहेत. पथकाचे ठिकाण सामान्यतः जिल्हा रुग्णालयात असते. जेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे त्याच्या मनोविकृतिशास्त्र विभागातही मानसशास्त्रज्ञ भेटू शकतो. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभागही आहेत. तेथे गेले म्हणजे दाखलच व्हावे लागते, ही समजूत चुकीची आहे.

मंजूर पद भरलेले असतेच असे नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. चाळीस-पन्नास किलोमीटरचा प्रवास करून, दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलेल्या माणसाला ‘साहेब बुधवारी येतात’ असे ऐकावे लागले, तर तो दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करून मानसशास्त्रज्ञ रुग्णालयात कोणत्या वारी असतो, चाचणीसाठी वेगळी वेळ घ्यावी लागते काय आणि पथक आपल्या तालुक्यात कोणत्या दिवशी येते, ही माहिती घ्यावी. ग्रामपंचायतीने ती एकदा मिळवून फलकावर लिहिली आणि दर तीन महिन्यांनी तपासून घेतली, तर गावातील प्रत्येक कुटुंबाला वेगळी धावपळ करावी लागणार नाही. पद रिक्त असेल, तर ग्रामसभेचा तसा ठराव जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठविता येतो. मागणीच नोंदविली गेली नाही, तर गरज नाही असा अर्थ कागदावर निघतो.

दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना, त्यांच्याजवळ शिधापत्रिका असो वा नसो, तसेच निराधार व बेघर व्यक्तींना शासकीय मानसिक आरोग्य संस्थांत विनामूल्य उपचार मिळण्याचा हक्क २०१७ च्या अधिनियमाने दिला आहे. पत्रिका नाही म्हणून कोणास परत पाठविले गेल्यास या तरतुदीकडे लक्ष वेधणे हे पंचायत सदस्याचे काम आहे.

प्रवास शक्य नसेल तेव्हा, किंवा कोठे जावे हेच समजत नसेल तेव्हा, ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा उपयोगी पडते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे चोवीस तास, मराठीतही बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो व गरजेनुसार तज्ज्ञाकडे जोडून देतो. हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भिंतीवर, बाजार समितीत, स्वस्त धान्य दुकानात व पिठाच्या गिरणीपाशी रंगवून ठेवावा. शेवटचे ठिकाण कोणाला किरकोळ वाटेल. परंतु स्त्रिया तेथे थोडा वेळ थांबतात आणि कोणी पाहत नसताना क्रमांक वाचू शकतात.

तक्रार कोणत्या शब्दांत येते

खेड्यातील माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. कशात जीव लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडते, अंगातली ताकद गेली, डोक्यात भणभण होते, अशा शब्दांत त्याचे दुःख बाहेर येते. सलाईन लावून घेण्यात अशा कुटुंबांचे महिनेच्या महिने जातात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक व कामातील लक्ष उडाले असेल, तर मनाचाही विचार करावयास हवा. त्याबरोबरच प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात शरीराची तपासणी करून घ्यावी, हेही तितकेच आवश्यक आहे. रक्तक्षय किंवा कंठस्थ ग्रंथीचा विकार उदासीनतेचे रूप घेऊन येतो. फेफरे हा मेंदूचा आजार असून त्यासाठी वैद्यकीय डॉक्टरच गाठला पाहिजे, मानसशास्त्रज्ञाचे काम तेथे दुय्यम आहे. शेतकरी आत्महत्यांची झळ पोहोचलेल्या विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी राज्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. त्यात आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन अशाच साध्या प्रश्नांतून ताणाखालील व्यक्ती हेरणे अपेक्षित होते. ओळखीच्या स्त्रीने ओसरीवर बसून विचारलेल्या प्रश्नाला माणूस जे सांगतो, ते तो रुग्णालयाच्या खिडकीपाशी सांगत नाही.

शाळेतील मूल आणि चाचणी

शिक्षकांपुढील प्रश्न थोडा वेगळा आहे. वर्गात मागे पडणारे मूल ‘मतिमंद’ ठरविण्याची घाई आपल्याकडे फार होते. फळ्यावरचे दिसत नाही किंवा शिक्षकांचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून मागे पडलेली मुले थोडी नसतात. तेव्हा दृष्टी व श्रवण यांची तपासणी आधी झाली पाहिजे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी अशा मुलांची नावे शिक्षकाने तयार ठेवावीत. पथकामार्फत मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाऊ शकते, आणि तेथील पथकात मानसशास्त्रज्ञाचे पद अंतर्भूत आहे. अनेक पालकांना मानसशास्त्रज्ञाची पहिली भेट याच मार्गाने घडते.

बुद्धिमापनाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. फ्रान्समधील बिने यांच्या चाचणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी केलेले रूपांतर १९३० च्या दशकातील आहे. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती पुढे कित्येक दशके वापरली गेली. परंतु चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हा प्रश्न कामतांच्या काळाइतकाच आजही महत्त्वाचा आहे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारच्या डोंगरात पावरी बोलणारे मूल पुण्याच्या मराठीतील प्रश्नांना अडखळले, तर त्यात त्याची बुद्धी उणी पडली असे म्हणता येणार नाही. मुलाची घरची भाषा कोणती, शाळेत येऊन त्याला किती वर्षे झाली आणि तो वर्गाबाहेर कसा वागतो, या तीन गोष्टी शिक्षकाने अर्ध्या पानावर लिहून पालकाजवळ द्याव्यात. जाणता मानसशास्त्रज्ञ अशा मुलासाठी ठोकळ्यांच्या किंवा आकृत्यांच्या, शब्दांवर न विसंबणाऱ्या चाचण्या निवडतो. चाचणीच्या आकड्याबरोबरच मुलाच्या दैनंदिन व्यवहारकौशल्याची चौकशीही तो करतो. मुलाला पाच मिनिटे पाहून बुद्ध्यंक लिहून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. बाजारहाट बिनचूक करणाऱ्या, गुरे मोजून आणणाऱ्या मुलावर एकदा बसलेला शिक्का शाळेच्या दप्तरातून सहजासहजी पुसला जात नाही, हे लक्षात ठेवून ही काळजी घ्यावयाची.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अंतर्भूत केलेल्या २१ प्रकारांत बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता व मानसिक आजार यांचा समावेश आहे. त्यांचे प्रमाणपत्र शासनाने प्राधिकृत केलेल्या रुग्णालयातूनच मिळते. खाजगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल उपचारांसाठी उपयुक्त असला, तरी तो प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही, ही गोष्ट पैसे खर्च करण्यापूर्वीच पालकांना सांगावी.

याच ठिकाणी शाळांना एक इशारा द्यावासा वाटतो. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी, कल व भावी व्यवसाय सांगणाऱ्या संस्था शाळांच्या दारी येतात. त्यांची यंत्रे चकचकीत असतात आणि अहवाल रंगीत असतो. या पद्धतीला वैज्ञानिक आधार नाही. अशा कार्यक्रमाला शाळेचे सभागृह देणे म्हणजे पालकांच्या दृष्टीने त्यास शाळेची मान्यता देणेच होय.

देवऋषीचे दार

भगत, देवऋषी किंवा मेळघाटातील भूमका यांच्याकडे लोक जातात, हे वास्तव आहे. त्याबद्दल कुटुंबाला चारचौघांत फैलावर घेतले, तर ते पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही. नवस फेडून या, आणि येताना रुग्णालयातही जाऊन या, असे म्हणण्याने पुष्कळदा काम भागते. मात्र जेथे मारहाण, साखळी, चटके किंवा मिरचीची धुरी आली, तेथे समजुतीचा प्रश्न उरत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली केलेले असे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये गुन्हा ठरतात, आणि मानसिक रुग्णाला साखळदंड घालण्यास २०१७ च्या अधिनियमानेही मनाई केली आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयगृहाला आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. ते साखळ्यांनी जखडलेले असल्याने पळून जाऊ शकले नव्हते. गावात कोणी गोठ्यात बांधून ठेवलेले असेल, तर ती घरची खाजगी बाब समजून पंचायतीने डोळेझाक करू नये.

पोलीस पाटलांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीचे कुटुंब पोलीसकेसच्या भीतीने घटना दडवून ठेवते. कीटकनाशक चुकून पोटात गेले असे सांगितले जाते, पोट धुऊन रुग्ण घरी येतो आणि मानसशास्त्रज्ञाची गाठ पडण्याची सर्वांत निकडीची वेळ निघून जाते. २०१७ च्या अधिनियमाच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जसेच्या तसे ठेवलेले नाही. ही माहिती कुटुंबाच्या कानावर घालण्यास पोलीस पाटलाइतका योग्य माणूस दुसरा नाही.

पहिली भेट

मानसशास्त्रज्ञाची पहिली भेट पाऊण तास ते एक तास चालू शकते. तीत औषधाची चिठ्ठी मिळत नाही, यामुळे लोक नाराज होतात. ‘नुसते बोलले, काहीच दिले नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. बोलणे हाच येथे उपचार असून त्याला अनेक बैठका लागतात, हे आधीच सांगून ठेवावे. खाजगी ठिकाणी गेल्यास एका बैठकीचे शुल्क किती, साधारण किती बैठका लागतील आणि औषधांची गरज पडल्यास कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले जाईल, हे प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. बरे होण्याची हमी देणारा, पुढील सहा महिन्यांचे पैसे एकरकमी मागणारा किंवा मनोविकारतज्ज्ञाने चालू केलेल्या गोळ्या परस्पर बंद करण्यास सांगणारा माणूस, त्याची पाटी कितीही मोठी असली तरी, टाळलेला बरा.

रुग्णाच्या आजाराविषयीची माहिती गुप्त राहण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मुख्याध्यापकांकडे आला, तर तो शिक्षक-खोलीतील टेबलावर उघडा पडू नये. पंचायतीने कोणास प्रवासखर्चासाठी मदत केली, तर ठरावात आजाराचे नाव लिहिण्याचे कारण नाही. ‘वैद्यकीय साहाय्य’ एवढे शब्द पुरेसे आहेत. ठरावाचे वाचन ग्रामसभेत होते आणि त्या सभेला रुग्णाचे शेजारीही बसलेले असतात.